वेल तुमचीच, प्रश्न मांडवाचा

पत्र:

"डॉक्टर मॅडम, माझं वय 44. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. वरच्या डाव्या सुळ्याची हिरडी दोन-तीन वर्षांत इतकी वर सरकली की दात लांबुळका दिसतो. गार पाणी लागलं की कळ थेट डोक्यात जाते. खालच्या समोरच्या दोन दातांचीही मुळं उघडी पडली आहेत. सांगलीतले हिरड्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून झाकू, पण खालचे पूर्ण झाकले जातील असं सांगता येत नाही. तीन पर्याय दिले. टाळूचा तुकडा काढून लावायचा, नाहीतर परदेशी कोलॅजनचा तयार तुकडा, नाहीतर माझ्याच रक्तापासून केलेला पडदा. कोलॅजन कशाचं म्हणून विचारलं तर म्हणाले, डुकराचं. आम्ही जैन. सासूबाई म्हणाल्या, असलं तोंडात ठेवण्यापेक्षा दात पडले तरी चालतील. जाऊबाई म्हणते तेलाच्या गुळण्यांनी हिरडी परत येते. मुलगी म्हणते, आता लॅबमध्ये हिरडी वाढवतात, थोडं थांब. मला टाळू कापायची भीती वाटते. काय करू? एक सांगायचं राहिलं. सकाळी सासूबाईंबरोबर मीही मिश्री लावते, पण दिवसातून एकदाच. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. फोटो पाठवला आहे."

ताई, सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करते. डुक्कर, टाळू, रक्त, लॅब हे सगळे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरं मी देणार आहे, पण मिश्री चालू असेल तर त्यातल्या कुठल्याच उत्तराचा उपयोग नाही.

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. तव्यावर काळी केली म्हणून तिच्यातला तंबाखू जात नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीला निकोटिन धुरातून आणि रक्तातून मिळतं. तुम्ही तर ते बोटाने थेट हिरडीवर चोळता, आणि तेही समोरच्या, सगळ्यात पातळ हिरडीवर. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीचे धागे विणणाऱ्या पेशी मंदावतात. शिवाय ती पूड खरखरीत असते, त्यामुळे रोजचं घासणं वेगळंच. तुमच्या फोटोत खालच्या दोन दातांच्या मुळांवर जो तपकिरी थर दिसतो आणि सुळ्याच्या मानेला जी खाच पडली आहे, त्यात मिश्रीचा आणि ब्रशच्या जोराचा किती किती वाटा, हे फोटोवरून मी सांगणार नाही. दोन्ही असावेत.

"दिवसातून एकदाच" असं मला माझ्या खुर्चीत बसून शेकडो बायकांनी सांगितलं आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लहानपणी आईने किंवा सासरी सासूने दात घासायला म्हणून हातावर ठेवलेली ती पूड असते. व्यसन म्हणून कुणी तिला हातच लावलेला नसतो. पण सुटत नाही ती व्यसनासारखीच. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, असं होतं ना? ती निकोटिनची ओढ आहे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, 1800-11-2356. त्यावर बोलणारी माणसं बोलणी खायला लावत नाहीत. जमलं तर सासूबाईंनाही बरोबर घ्या. एकाच न्हाणीघरात एकीने लावायची आणि दुसरीने सोडायची, हे फार अवघड जातं. त्यांच्या गालाच्या आत, ओठाच्या मागे पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ नाही ना, हेही त्याच डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. हे मी घाबरवायला लिहीत नाही. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या प्रत्येक तोंडाची अशी तपासणी व्हायलाच हवी.

आणि डॉक्टरांना सांगा. पुढच्या भेटीत दारातून आत जाताच सांगा. त्यांनी तुम्हाला झाकण्याचा जो अंदाज दिला आहे, तो तंबाखू न खाणाऱ्या बाईचा आहे.

आता हिरडी परत येते का, याबद्दल. एकदा मुळावरून खाली उतरलेली किंवा वर चढलेली हिरडी तेलाने, हळदीने, लवंगेने, कुठल्याही पेस्टने परत येत नाही. तेलाच्या गुळण्यांनी तोंड स्वच्छ वाटतं, सुजलेली हिरडी थोडी शांतही होईल, पण उघडं पडलेलं मूळ झाकलं जाणार नाही. जाऊबाईंशी भांडू नका, गुळण्या करायच्या तर करा, फक्त त्यांच्या भरवशावर थांबू नका. उलट बाजूने हेही सांगते की घाई नाही. दोन-तीन महिने गेले म्हणून दात पडत नाही. कळ कमी व्हायला पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आणि डॉक्टरांकडून फ्लोराइडचा लेप, एवढ्यावर तेवढे महिने निघतात. मऊ ब्रश घ्या आणि तो आडवा ओढू नका. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवत आणा. कणसावरचे केस काढताना आपण जसे एकाच दिशेने जातो तसं.

आता मुख्य प्रश्न. झाकायला वापरतात ते नेमकं करतं काय?

तुमची बाग आहे म्हणून हे समजावणं मला सोपं जाणार आहे. डॉगरिजच्या खुंटावर तुम्ही काडी भरता. पाचर बसवता, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळता. पहिले काही दिवस त्या काडीचं स्वतःचं असं काहीच नसतं. ती खुंटाच्या ओलीवर तग धरते. मग दोन्हीच्या साली जुळतात, रस वाहू लागतो, डोळा फुटतो. मधे कुणी हलवलं, वाऱ्याने पट्टी सैल झाली, की काडी वाळते. टाळूचा तुकडा हिरडीत बसवतो तेव्हा अक्षरशः हेच घडतं. पहिले दोन-तीन दिवस तो आजूबाजूला पाझरणाऱ्या द्रवावर जगतो. मग बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरू लागतात, साधारण आठ-दहा दिवसांत रक्त नीट फिरू लागतं. आम्हीही त्याला कलमच म्हणतो.

फक्त आमची अडचण तुमच्यापेक्षा मोठी आहे. दाताच्या मुळाला रक्त नाही. ते दगडासारखं आहे. म्हणजे कलमाचा मधला भाग दगडावर बसलेला असतो आणि त्याला पाणी फक्त कडांनी आणि वरून ओढलेल्या हिरडीच्या पदरातून मिळतं. मूळ जितकं रुंद आणि उघडं, तितका मधला भाग पाण्यापासून लांब. हे एवढं लक्षात आलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. धूम्रपान करणाऱ्यांत मूळ झाकण्याचं यश का घसरतं, मिश्रीबद्दल मी एवढी का हटून बसले, हेही त्यातच आलं.

तयार कोलॅजनचा तुकडा ही काडी नव्हे, तो मांडव आहे. त्यात जिवंत पेशी नसतात. प्राण्याच्या ऊतीतून पेशी, चरबी, जे जे शरीराला परकं वाटेल ते धुऊन काढतात आणि धाग्यांची जाळी तेवढी ठेवतात. एक बाजू घट्ट विणीची, दुसरी स्पंजासारखी भोकाभोकांची. हिरडीखाली ठेवला की तो रक्त पितो, शेजारच्या हिरडीतल्या तुमच्या पेशी त्या भोकांतून आत चढतात, स्वतःचे धागे विणतात, आणि काही आठवड्यांत-महिन्यांत मूळची जाळी विरघळून जाते. मांडव गेला तरी वेल राहते, अशी ही कल्पना आहे. हिरडी "उगवते" ती तुमच्या पेशींनी. जाहिरातीत काहीही म्हणोत, पुडीतून हिरडी येत नाही.

म्हणून मी नेहमी विचारते, या जागी मांडव पुरेल, की काडीच लागेल? टाळूच्या आतल्या थरात जाडी असते आणि आणखी एक गुण असतो. 1975 साली कॅरिंग, लँग आणि ल्यो यांनी दाखवून दिलं की वरची कातडी कशी होणार, मऊ की घट्ट, हे खालचा थर ठरवतो. टाळूचा थर जिथे लावाल तिथे तो वर घट्ट, घासणं सोसणारी हिरडी तयार करवून घेतो. तुमच्या पेशींना तशी आज्ञा द्यायला कोलॅजनच्या जाळीकडे काही नसतं. अमेरिकेत 25 रुग्णांच्या तोंडात एका बाजूला डुकराच्या कोलॅजनची जाळी आणि दुसऱ्या बाजूला टाळूचं कलम लावून तुलना केली होती. तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर जाळीच्या बाजूचं मूळ सरासरी 88.5 टक्के झाकलेलं होतं, टाळूच्या बाजूचं 99.3 टक्के. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा हे अंतर वाढलेलं होतं. जाळी वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांची टाळू पातळ आहे, ज्यांचे एका वेळी सहा-सात दात उघडे आहेत, त्यांना ती वरदानच आहे, कारण एवढा तुकडा टाळूतून आणायचा कुठून? पण एका सुळ्यासाठी तुमच्याकडे तुमची टाळू आहे. मग दुय्यम पर्याय का घ्यायचा?

खालच्या दातांबद्दल डॉक्टर हात राखून बोलले, ते बरोबर केलं. कलमाला पाणी कडांनी मिळतं म्हटलं ना, त्या कडा म्हणजे दोन दातांमधली हिरडी आणि तिच्याखालचं हाड. इटलीतल्या कैरो यांनी 2011 मध्ये जी वर्गवारी मांडली तिचा गाभा हाच आहे. दातांमधलं हाड शाबूत असेल तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. ते थोडं झिजलं असेल तर आशा कमी होते, आणि बाहेरच्या बाजूपेक्षाही जास्त झिजलं असेल तर पूर्ण झाकणं होत नाही. तुमच्या फोटोत त्या दोन दातांमधे काळा त्रिकोण दिसतोय. तिथे वेल चढायला शेजारची तारच तुटलेली आहे. म्हणून तिथलं उद्दिष्ट वेगळं ठेवायचं. मूळ झाकायचा हट्ट सोडून तिथे घट्ट, जाड हिरडीची पट्टी तयार करायची, म्हणजे ओठाच्या ओढीने हिरडी आणखी उतरत नाही आणि ब्रश फिरवताना दुखत नाही. टाळूच्या वरच्या कातडीसकटचा पातळ तुकडा त्यासाठी 1963 पासून वापरला जातोय आणि अजून त्याला तोड नाही. रंग थोडा फिका दिसतो, ठिगळ लावल्यासारखा. खालच्या ओठाआड तो कुणाला दिसत नाही.

आता तुमच्या घरातला खरा तिढा.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी विचारल्यावर सरळ उत्तर दिलं हे मला आवडलं. न विचारताच सांगायला हवं होतं, असं माझं मत आहे. हिरडीच्या कामात प्राण्यांपासून आलेलं किती असतं हे रुग्णाला माहीत नसतं. जाळी बहुतेक डुकराची. दुसरे कोलॅजनचे पडदे गाईच्या ऊतीचे, काही माशाचे. स्वीडनमध्ये विकसित झालेली, मुळावर लावायची एक प्रथिनांची जेल आहे, ती डुकराच्या पिलांच्या जबड्यातल्या, अजून न उगवलेल्या दातांपासून काढतात. चांगली वस्तू आहे, मुळावर हिरडी नुसती चिकटण्याऐवजी खरीखुरी रुजण्याच्या दृष्टीने तिचे पुरावेही आहेत, पण तुमच्यासाठी ती बाद. डुकराचं नको तर माशाचं चालेल, हा हिशोब तुमच्याकडे नसणार हे मला ठाऊक आहे.

पण ताई, इथे एक गोष्ट नीट ऐका. टाळूचा तुकडा घ्यायचं ठरलं म्हणजे प्रश्न सुटला, असं होत नाही. टाळूच्या जखमेत रक्त थांबवायला पुष्कळ ठिकाणी जिलेटिनचा किंवा कोलॅजनचा स्पंज ठेवतात. तो प्राण्याचाच. टाक्यांत कॅटगट वापरला तर तो जनावराच्या आतड्याचा, आणि रेशमी टाका रेशीमकिड्याचा. गोळी कॅप्सूलमधे असेल तर तिचं टरफल बहुतेक वेळा जिलेटिनचं. हे कुणी मुद्दाम लपवत नाही. रोजच्या वापरातलं असल्यामुळे डॉक्टरांच्या डोक्यातच येत नाही. बहुतेक गोष्टींना सोपा पर्याय आहे. टाके पॉलीप्रॉपिलीनचे किंवा नायलॉनचे मागा, हे पूर्ण कृत्रिम असतात आणि त्यांच्यावर घाणही कमी साठते. टाळूच्या जखमेवर स्पंजाऐवजी तुमच्या रक्ताचा पडदा ठेवता येतो, शिवाय मापाची प्लॅस्टिकची टाळूपट्टी आधीच करून घेता येते. औषधं गोळ्यांच्या रूपात मागा. ही यादी कागदावर लिहून न्या आणि ऑपरेशनच्या आधीच्या भेटीत द्या, त्या दिवशी खुर्चीत बसल्यावर नको.

माणसाकडून आलेलाही एक पर्याय आहे, तो तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही. बाळंतपणात वारेबरोबर बाळाच्या पिशवीचा जो पडदा बाहेर येतो, त्याचा आतला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ थर. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 साली ऊतिपेढी सुरू झाली. आईच्या संमतीने, तिच्या रक्ताच्या तपासण्या करून हा पडदा घेतात, सुकवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. आपल्याकडचे अनेक हिरड्यांचे डॉक्टर तो वापरतात. एका आईने जे एरवी टाकून दिलं गेलं असतं ते दिलं, कुणाच्या जिवाला धक्का लागला नाही. माझ्या काही जैन रुग्णांना हे पटलं, काहींना दुसऱ्याच्या शरीराचं म्हणून नको वाटलं. दोघांनाही मी त्यांच्या मनाप्रमाणे करू दिलं. मात्र हा पडदा फार पातळ आहे. जखम शांत करायला, भरून यायला छान, पण सुळ्यावर जाडी आणायला एकटा पुरत नाही.

तुमच्या रक्ताचा पडदा, पीआरएफ, ही फ्रान्समधल्या शुक्रून यांनी 2001 च्या सुमारास आणलेली पद्धत. दंडातून साधारण 10 मिलिलिटर रक्त काढायचं, त्यात न गोठण्याचं औषध घालायचं नाही, लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटं फिरवायचं. खाली लाल पेशी बसतात, वर पिवळसर पाणी, आणि मधे दह्याच्या कवडीसारखा एक गोळा जमतो. तो दाबला की पडदा होतो. त्यात तुमच्याच प्लेटलेट असतात आणि त्यांच्यातून जखम भरून आणणारे घटक काही दिवस हळूहळू झिरपत राहतात. स्वस्त आहे, स्वतःचं आहे, घरात कुणाची हरकत नाही. म्हणून तुम्हाला तोच मोहात पाडेल. पण एकट्या पीआरएफने टाळूच्या कलमाइतकी जाडी आणि घट्टपणा येत नाही. नुसता हिरडीचा पदर ओढून झाकण्यापेक्षा बरं, कलमापेक्षा कमी, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. त्याची खरी जागा टाळूच्या जखमेवर आहे. तिथे दुखणं कमी होतं आणि जखम लवकर भरते.

म्हणजे मी तुमच्या जागी असते तर सुळ्यासाठी टाळूचं कलम आणि टाळूच्या जखमेवर पीआरएफ, असं निवडलं असतं. खालच्यासाठी काही महिन्यांनी, वेगळ्या दिवशी, टाळूच्याच दुसऱ्या बाजूचा पातळ तुकडा. यात तुमच्या शरीराबाहेरचं, टाके आणि भूल सोडली तर, काही आलं नाही.

टाळू कापण्याची भीती मी समजू शकते. "कापणे" हा शब्दच वाईट आहे. 1985 साली लँगर पतिपत्नींनी जी पद्धत मांडली तिच्यात वरची कातडी जागच्या जागी राहते. उशीच्या अभ्र्यातून आतली घडी सरकवून काढावी तसा दाढांच्या बाजूचा, आतला एक-दीड मिलिमीटर जाडीचा थर काढतात आणि अभ्रा पुन्हा शिवून टाकतात. भूल उतरली की ठणकतं. पहिले तीन-चार दिवस गरम चहा, फोडणीची चटणी, भाकरीची कड नको वाटते. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक बायका टाळूबद्दल बोलायच्या थांबतात. खालच्या दातांसाठी कातडीसकट तुकडा घेतला तर मात्र जखम उघडी राहते, तिला भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तीच जास्त दुखते. म्हणून ते काम नंतर. घरी रक्त आलं तर सारखं थुंकत बसायचं नाही. ओली गॉज टाळूवर धरून बोटाने वीस मिनिटं न सोडता दाबायचं आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा.

मुलीचं म्हणणं अगदी चुकीचं नाही. 2012 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जिवंत पेशींची एक चकती मान्य केली. नवजात मुलांच्या सुंतेतल्या कातडीतून वाढवलेल्या पेशी, गाईच्या कोलॅजनवर पसरलेल्या. तोंडातल्या मऊ ऊतीसाठी मान्य झालेलं पेशींचं ते पहिलं उत्पादन. पण ते घट्ट हिरडीची पट्टी रुंद करण्यासाठी होतं, मूळ झाकण्यासाठी नव्हतं, आणि तुमच्या घरच्या कसोटीला तर ते उतरलंच नसतं. सांगली-मिरजेत त्याची वाट बघू नका. मुलीला सांगा, हिरडी वाढवणारी लॅब तुझ्या आईच्या तोंडात आहे, तिला फक्त तंबाखू चालत नाही.

वेळ कधीची घ्यायची? मिश्री पूर्ण बंद करून किमान चार आठवडे झाल्यावर, आणि त्याआधी मुळांवरचा थर साफ करून घेतल्यावर. साखर तपासली नसेल तर तपासा. दशलक्षणाच्या उपवासांत नको, जखम भरायला पोटात प्रथिनं लागतात. ऑक्टोबरच्या छाटणीत नको, त्या पंधरा दिवसांत तुम्हाला घरी कुणी बसू देणार नाही आणि तुम्हीही बसणार नाही. सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसाल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते गोळ्या दिवसाउजेडी बसतील अशा लिहून देतील. सकाळची वेळ मागा. भूल उतरेपर्यंत पहिली गोळी पोटात गेलेली असेल.

ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे त्या जागी ब्रश लावायचा नाही, डॉक्टरांनी दिलेल्या क्लोरहेक्सिडीनने हळूच खळखळ करायची, मुगाची पातळ खिचडी, ताक-भात, सगळं कोमट. आणि ओठ उचलून आरशात बघायचं नाही. हे मी प्रत्येकीला दोनदा सांगते, तरी बघतात. पंचविशीतली एक मुलगी माझ्याकडे होती, सुंदर कलम बसलं होतं. तिने चौथ्या दिवशी मैत्रिणीला दाखवायला ओठ वर खेचला आणि कड सुटली. खुंटावरची काडी तुम्ही रोज उकलून बघता का? टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात, हिरडीचा रंग-रूप नीट व्हायला काही महिने लागतात. तेवढ्या काळात काही जणांत ती आपसूक आणखी थोडी सरकून मूळ झाकते, म्हणून महिन्याच्या फोटोवर निराश होऊ नका.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बागेचं वर्ष कसं असतं ते मला माहीत आहे. परदेशी जाळी टळली की बिलातला मोठा भाग टळतो. तरी जड वाटलं तर सांगली-कऱ्हाड भागात दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या हिरड्यांच्या विभागात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली हीच कामं कमी पैशात होतात, फेऱ्या तेवढ्या जास्त होतात.

सध्या एवढंच करा. आज ज्या कोनातून, ज्या खिडकीच्या उजेडात फोटो काढलात, मिश्री सोडून महिना झाला की तिथेच उभं राहून दुसरा काढा. (तेव्हा ओठ उचलायला हरकत नाही.) तो डॉक्टरांना दाखवा, आणि एक मला पाठवा. सासूबाईंचाही पाठवलात तर मला फार आनंद होईल.